इंग्रजीतील साधा वर्तमानकाळ: ‘सवय असेल तर’ एवढ्या नियमाने भागत नाही, मग नेमके कोठे वापरावे?

नवी पेरणी (तालुका आर्णी, जिल्हा यवतमाळ) यांचा प्रश्न

सर्व जाणकारांस नमस्कार. मी गावी राहून तलाठी भरतीची तयारी करीत आहे. या परीक्षेत इंग्रजीचे २५ प्रश्न ५० गुणांसाठी असतात आणि त्यांतील काळांवरचे प्रश्न हातचे समजले जातात. परंतु आम्ही मैत्रिणी अभ्यासिकेत सराव प्रश्नपत्रिका सोडवायला बसलो की सर्वांत जास्त वाद याच प्रश्नांवर होतो. शाळेपासून आम्हाला एकच नियम सांगितला गेला आहे: क्रिया सवयीची असेल किंवा त्रिकालाबाधित सत्य असेल तर साधा वर्तमानकाळ, आणि क्रिया आत्ता चालू असेल तर अपूर्ण वर्तमानकाळ. ‘द सन राइजेस इन द ईस्ट’ हे वाक्य तर येथे प्रत्येकाला तोंडपाठ आहे. तरीही पुढील वाक्ये या नियमात कशी बसवावीत, हे आम्हाला उमगत नाही.

‘द बस लीव्ह्ज ॲट सिक्स टुमॉरो’ हे वाक्य उत्तरतालिकेने बरोबर ठरवले आहे. उद्याची गोष्ट असताना येथे भविष्यकाळ का नाही? ‘आय नो द आन्सर’ या वाक्यात उत्तर मला आत्ता माहीत आहे, ती काही माझी सवय नव्हे. मग ‘आय ॲम नोइंग’ चुकीचे का? ‘इफ इट रेन्स टुमॉरो, वी विल प्लँट कॉटन’ यात पाऊस उद्याचा आणि पेरणीही उद्याची, तरी एका भागात वर्तमानकाळ आणि दुसऱ्या भागात भविष्यकाळ आहे. याच्या उलट ‘आय लिव्ह हिअर सिन्स टू थाउजंड फिफ्टीन’ हे वाक्य चुकीचे दाखवले आहे, जरी राहणे अजून चालू आहे आणि ते रोजचेही आहे.

शिकवणीत आम्हाला ‘ऑलवेज, डेली, एव्हरी डे दिसले की साधा, नाऊ दिसले की अपूर्ण’ अशी खुणेच्या शब्दांची यादी दिली आहे. वरच्या चारही वाक्यांत त्या यादीतील एकही शब्द नाही. यादी पाठ न करता वाक्य पाहूनच निर्णय घेता येईल, अशी एखादी पक्की कसोटी असेल तर कृपया सांगावी.

जुने मास्तर (चिमूर) यांचे उत्तर

बेटा, तुमच्या वादाचे मूळ नियमात नाही, नावात आहे. ‘वर्तमानकाळ’ म्हटले की आपण घड्याळाकडे पाहतो. इंग्रजीचा साधा वर्तमानकाळ घड्याळाकडे फारसा पाहत नाही. तो फक्त ‘हे असे आहे’ असे सांगतो आणि त्या गोष्टीला आरंभ किंवा शेवट लावत नाही. अपूर्ण वर्तमानकाळ मात्र क्रियेच्या मध्यावर उभा राहून बोलतो: क्रिया सुरू झालेली आहे, संपायची आहे, आणि ती संपणार आहे हे बोलणाऱ्याला ठाऊक असते.

ही गोष्ट पुण्या-मुंबईच्या मुलांपेक्षा आपल्याकडच्या मुलांना लवकर कळायला हवी, असे माझे मत आहे, कारण आपल्या बोलीत हा फरक मुळातच आहे. आपण घरी ‘बाबा कापूस वेचून राहिले’ म्हणतो तेव्हा बाबा या घटकेला पऱ्हाटीत उभे असतात. ‘बाबा कापूस वेचतात’ म्हणतो तेव्हा ते कदाचित ओसरीवर झोपलेलेही असतील. प्रमाण मराठीत ‘तू काय करतोस?’ या प्रश्नाचे दोन्ही अर्थ होऊ शकतात, पण आपल्याकडे ‘काय करून राहिला?’ आणि ‘काय करतो?’ यांची सरमिसळ कोणी करीत नाही. इंग्रजीत हेच दोन प्रश्न ‘व्हॉट आर यू डूइंग?’ आणि ‘व्हॉट डू यू डू?’ असे आहेत. दुसऱ्याचे उत्तर ‘मी शेती करतो’ किंवा ‘मी शिक्षक आहे’ असे द्यायचे असते. मुलाखतीत हा प्रश्न आला की उमेदवार ‘आय ॲम सिटिंग हिअर’ अशा धर्तीचे काहीतरी बोलून बसतो.

म्हणून पहिली कसोटी ही: वाक्य मनात वऱ्हाडीत म्हणून पाहावे. ‘करून राहिला’ हे रूप सहज बसत असेल तर अपूर्ण, बसत नसेल तर साधा. भूगोलाची वाक्ये घेऊन पाहा. वर्धा नदी मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावते, पुढे ती वैनगंगेला मिळते, या दोन नद्यांची मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. या संपूर्ण वर्णनात तुम्ही एकदाही ‘मिळून राहिली’ म्हणणार नाही. म्हणून इंग्रजीतही ‘द प्राणहिता जॉइन्स द गोदावरी’ असेच लिहायचे. याउलट जुलैमध्ये नाल्याला पूर आला आणि तुम्ही पुलापाशी उभ्या राहून फोनवर घरी कळवत असाल, तर ‘पाणी पुलावरून वाहून राहिलं’ असे म्हणाल. तेथे ‘द वॉटर इज फ्लोइंग ओव्हर द ब्रिज’ हेच योग्य. पाणी तेच आणि वाहणेही तेच, पण एका वाक्यात नदीचा स्वभाव सांगितला आहे आणि दुसऱ्यात त्या वेळचा प्रसंग.

आता बसचे वाक्य. सहाची बस उद्या सुटणार असली तरी ती सहाला सुटते हे वेळापत्रक आजही खरे आहे, कारण ते बसस्थानकाच्या फलकावर आजच रंगवलेले आहे. वेळापत्रक, शाळेची घंटा, परीक्षेची तारीख, कार्यालय उघडण्याची वेळ अशा ठरवून दिलेल्या गोष्टींना इंग्रजी ‘हे असे आहे’ याच खात्यात टाकते: ‘द एक्झाम स्टार्ट्स ऑन मंडे.’ मात्र हे फक्त अशा सार्वजनिक वेळापत्रकापुरते आहे. बाबा उद्या यवतमाळला जाणार असतील तर ‘माय फादर इज गोइंग टू यवतमाळ टुमॉरो’ असे म्हणावे. आपण मराठीत ‘मी उद्या येतो’, ‘मी संध्याकाळी फोन करतो’ असे अगदी सहज म्हणतो आणि त्याच सवयीने ‘आय कम टुमॉरो’, ‘आय कॉल यू इन द इव्हिनिंग’ अशी वाक्ये तयार होतात. आश्वासन देताना किंवा इरादा सांगताना इंग्रजीला ‘विल’ लागते: ‘आय विल कॉल यू.’

उरलेल्या तीन वाक्यांबद्दल सवडीने लिहितो. तोवर इतरांनी भर घालावी.

संत्राबाग (वरुड) यांचे उत्तर

गुरुजींची कसोटी मला पटते आणि मी ती माझ्या भाच्याला सांगणारही आहे. परंतु ती एका ठिकाणी दगा देते आणि परीक्षेतील प्रश्न नेमके तेथेच विचारले जातात. आपल्याकडे ‘काही समजून नाही राहिलं’ हे वाक्य दिवसातून अनेकदा कानावर पडते. ‘मले दिसून राहिलं’, ‘मले आठवून नाही राहिलं’ हेही आपण म्हणतो. कसोटीप्रमाणे यांचे इंग्रजी ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग’, ‘आय ॲम नॉट रिमेंबरिंग’ असे व्हायला हवे, आणि उत्तरतालिका ही दोन्ही वाक्ये चुकीची ठरवते. बरोबर वाक्ये ‘आय डू नॉट अंडरस्टँड’ आणि ‘आय डू नॉट रिमेंबर’ अशी आहेत.

पेरणीताई, यासाठी दुसरी कसोटी मराठी व्याकरणातूनच मिळते. ज्या वाक्यात मराठीत ‘मी’ न येता ‘मला’ येते, तेथे इंग्रजीत बहुतेक वेळा साधा वर्तमानकाळच लागतो. मला माहीत आहे, मला कळते, मला आठवते, मला आवडते, मला हवे आहे, मला वाटते, मला पटते, मला दिसते, ही वाक्ये एकापाठोपाठ उच्चारून पाहा. यांपैकी कोणत्याही वाक्यात आपण काही ‘करीत’ नसतो. ते आपल्याला होत असते, किंवा आपली तशी अवस्था असते. मराठी त्यासाठी कर्त्याला चतुर्थीचा प्रत्यय लावते. इंग्रजी कर्त्याला हात लावत नाही, तर क्रियापदाला ‘इंग’ लावायला नकार देते. म्हणून नो, रिमेंबर, लाइक, वाँट, नीड, बिलीव्ह, अंडरस्टँड ही क्रियापदे सहसा अपूर्ण काळात जात नाहीत. तुमच्या ‘आय नो द आन्सर’ या वाक्याचे उत्तर येथे आहे: माहीत असणे ही अवस्था आहे आणि तिला मध्य नसतो. मराठीत ‘मला माहीत आहे’ यातील ‘आहे’ इंग्रजीत उतरवण्याच्या मोहातून ‘ॲम’ येते. ‘आय ॲम ॲग्री’ हे सर्रास ऐकू येणारे वाक्यही त्याच वाटेने जन्माला आले आहे. ‘मला पटते’ याचे इंग्रजी ‘आय ॲग्री’ एवढेच आहे.

पाहणे आणि ऐकणे यांच्या बाबतीत एक बारकावा आहे. समोरचे काही आत्ता दिसत असेल तर इंग्रजी भाषिक ‘आय सी’ म्हणण्यापेक्षा ‘आय कॅन सी अ टायगर’ असे म्हणणे पसंत करतात. ‘आय ॲम सीइंग अ टायगर’ हे त्या अर्थाने चालत नाही. ‘आय ॲम सीइंग द डॉक्टर टुमॉरो’ हे मात्र चालते, कारण तेथे अर्थच बदलतो: उद्या डॉक्टरांना भेटायचे ठरले आहे.

असा अर्थबदल आणखी काही क्रियापदांत होतो आणि पर्याय तयार करणाऱ्यांना तो फार प्रिय आहे. ‘मला वाटते’ या अर्थी ‘आय थिंक’. पण विचार करण्याचे काम चालू असेल, म्हणजे मराठीत ‘मी विचार करीत आहे’ असे ‘मी’ असलेले वाक्य असेल, तर ‘आय ॲम थिंकिंग’. ‘माझ्याकडे दोन बैल आहेत’ याला ‘आय हॅव टू बुलक्स’ म्हणायचे, ‘हॅविंग’ नाही. पण शेतात शिदोरी सोडून बसले असाल तर ‘वी आर हॅविंग लंच’ पूर्णपणे बरोबर आहे, कारण जेवणे ही क्रिया आहे. म्हणजे क्रियापदांची यादी पाठ करण्याऐवजी वाक्याचे मराठी करून ‘मी’ येतो, ‘मला’ येते की ‘माझ्याकडे’ येते, एवढे पाहिले तरी पुरते.

खुणेच्या शब्दांविषयी एक इशारा. ‘ऑलवेज’ दिसले की साधा काळ, हे नेहमी खरे नसते. शेजारी सतत फवारणीचा पंप मागायला येतो आणि तुम्ही त्याला वैतागला असाल, तर ‘ही इज ऑलवेज बॉरोइंग अवर पंप’ असेच म्हणतात. राग नसेल आणि नुसती माहिती द्यायची असेल तर ‘ही ऑलवेज बॉरोज अवर पंप’. दोन्ही वाक्ये व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहेत. पर्यायांत दोन्ही एकत्र क्वचितच देतात, पण दिली तर संदर्भ वाचावा.

नवी पेरणी

संत्राबाग दादा, ‘मी’ आणि ‘मला’ यांची कसोटी आम्ही लगेच सराव प्रश्नपत्रिकेवर लावून पाहिली आणि ती बहुतेक ठिकाणी लागू पडली. मात्र ‘द बॅग वेज फिफ्टी किलोज’ या वाक्यावर आम्ही अडलो. पोत्याचे वजन भरते, यात ‘मला’ कोठेच नाही, तरी उत्तर साधा वर्तमानकाळ आहे.

संत्राबाग (वरुड)

ताई, तेथे गुरुजींची कसोटी वापरावी. पोते ‘पन्नास किलो भरून राहिले’ असे कोणी म्हणत नाही. पन्नास किलो असणे हा पोत्याचा गुण आहे. किंमत असणे, सामावणे, मालकीचे असणे, एखाद्या ठिकाणी वसलेले असणे ही सर्व याच जातीची क्रियापदे आहेत: कॉस्ट, कंटेन, बिलाँग, लाय. ‘लोणार लाइज इन बुलढाणा डिस्ट्रिक्ट.’ पण बाजार समितीत मापारी काट्यापाशी उभा राहून कापूस मोजत असेल तर ‘ही इज वेइंग द कॉटन’, कारण मोजणे हे त्याचे काम आहे.

एक वाचक (गोंदिया)

हे सर्व वाचून एक शंका येते. ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग’ म्हटले तर या देशात कोणाचे काय अडते? सर्वांना अर्थ कळतो. मग एवढा काथ्याकूट कशासाठी?

संत्राबाग (वरुड)

दादा, बोलताना कोणाचेच अडत नाही. भारतात असे बोलणारे पुष्कळ आहेत आणि त्यात कमीपणा मानण्याचेही कारण नाही. येथे प्रश्न विचारणारीला ५० गुणांचा पेपर द्यायचा आहे आणि तो तपासणारी उत्तरतालिका प्रमाण इंग्रजीप्रमाणे तयार होते. तेवढ्यासाठी हे सर्व.

पहिला पाऊस (तालुका मेहकर) यांचे उत्तर

‘इफ इट रेन्स’ या वाक्याकडे अजून कोणी वळलेले नाही, म्हणून लिहितो. माझ्या मते मराठी माणसाची सर्वांत अधिक गल्लत येथेच होते, आणि ती केवळ ‘विल’ घालण्याची नसते.

आपण काय म्हणतो ते आधी पाहावे. ‘उद्या पाऊस आला तर कापूस लावू.’ पाऊस अजून यायचा आहे, तरी मराठीत क्रियापदाचे रूप ‘आला’, म्हणजे दिसायला भूतकाळाचे. ‘बाबा घरी आले की विचारते’, ‘सोयाबीन विकलं की पैसे देतो’, या सगळ्या वाक्यांत तेच. मराठीला येथे भूतकाळ सांगायचा नसतो. आधी एक गोष्ट घडेल, मग दुसरी, एवढा क्रम सांगायचा असतो. इंग्रजी हाच क्रम साध्या वर्तमानकाळाने सांगते: ‘इफ इट रेन्स’, ‘व्हेन फादर कम्स होम’. भविष्याचा भार मुख्य वाक्यातील ‘विल’ एकदाच उचलते, म्हणून अटीच्या भागात ते पुन्हा येत नाही. व्हेन, अन्लेस, अन्टिल, बिफोर, आफ्टर आणि ॲज सून ॲज या शब्दांनी सुरू होणाऱ्या भागांनाही हाच नियम आहे.

धोका असा आहे की मराठी रूप जसेच्या तसे उतरवून कोणी ‘इफ इट रेन्ड टुमॉरो’ असे लिहिले, तर ते वाक्य व्याकरणाने अशुद्ध होत नाही, पण त्याचा अर्थ बदलतो. इंग्रजीत तेथे भूतकाळ वापरला की बोलणाऱ्याला पाऊस येण्याची फारशी आशा नाही, असा अर्थ निघतो आणि पुढे ‘वी वुड प्लँट’ असे म्हणावे लागते. मृग नक्षत्र लागले आहे, ढग भरून आले आहेत, अशा वेळी शेतकऱ्याने ‘रेन्ड’ म्हणणे म्हणजे आधीच हात टेकणे होय. पर्यायांत मुख्य वाक्यात ‘विल’ दिसले तर अटीच्या भागात साधा वर्तमानकाळ, आणि ‘वुड’ दिसले तर भूतकाळाचे रूप शोधावे.

आता याच नियमाची दुसरी बाजू, जी शिकवणीत सहसा सांगितली जात नाही. ‘आय डू नॉट नो इफ इट विल रेन’ हे वाक्य बरोबर आहे. ‘इफ’च्या मागोमाग ‘विल’ आले म्हणून अनेक जण त्यावर चुकीची खूण करतात. येथील ‘इफ’ म्हणजे ‘तर’ नव्हे, ‘की नाही’: पाऊस येईल की नाही, हे मला माहीत नाही. मराठीतही येथे ‘आला’ येत नाही, ‘येईल’ येते. ‘व्हेन’चेही तसेच. ‘टेल मी व्हेन द बस विल कम’ म्हणजे बस कधी येईल ते सांग. ‘टेल मी व्हेन द बस कम्स’ म्हणजे बस आली की सांग. दोन्ही वाक्ये शुद्ध, अर्थ वेगवेगळे. मराठी करून पाहिल्यावर ‘आला’ निघाले तर साधा वर्तमानकाळ आणि ‘येईल की नाही’ किंवा ‘कधी येईल’ निघाले तर ‘विल’, असे धरले तर या प्रकारचे प्रश्न चुकण्याचे कारण नाही.

जेथे दोन्ही भागांत नेहमीचेच सत्य असते तेथे दोन्हीकडे साधा वर्तमानकाळ येतो: ‘इफ यू हीट आइस, इट मेल्ट्स.’ यात अडचण येऊ नये.

नवी पेरणी

आपण सर्वांनी इतक्या बारकाईने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. मास्तर, ‘सिन्स’चे वाक्य तेवढे उरले आहे. शिवाय मैत्रिणीचा एक प्रश्न आहे: ‘डज ही गोज टू स्कूल?’ चूक का, हे तिला कळते, पण एकवचनी कर्त्यालाच ‘एस’ का लागतो आणि अनेकवचनाला का नाही, हे तिला विचित्र वाटते, कारण नामाच्या बाबतीत नेमके उलट असते.

जुने मास्तर (चिमूर)

मैत्रिणीला सांग की तिला विचित्र वाटले ते योग्यच आहे. ‘द बॉय रन्स’ आणि ‘द बॉइज रन’ यांतील दोन ‘एस’ दिसायला सारखे असले तरी त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. जुन्या इंग्रजीत क्रियापदाला मराठीसारखे पुरुष आणि वचनाप्रमाणे प्रत्यय लागत असत. ‘तू जातोस’ याला वेगळे रूप होते आणि ‘तो जातो’ याला ‘गोएथ’सारखे रूप बराच काळ चालत होते. इंग्लंडच्या उत्तरेकडील बोलींत ‘एथ’च्या जागी ‘एस’ होता, तो हळूहळू दक्षिणेत उतरला आणि सतराव्या शतकात सर्वसाधारण झाला. बाकीचे प्रत्यय झडून गेले, हा एक शिल्लक राहिला. नॉरफोक या पूर्व इंग्लंडमधील भागाच्या पारंपरिक बोलीत तर तोही लावत नाहीत, तेथील लोक ‘ही गो’ म्हणतात. मात्र परीक्षेत नॉरफोकचा दाखला देऊन उपयोग नाही.

मराठीत आपण ‘तो जातो, ती जाते, ते जाते, ते जातात’ असे लिंगही क्रियापदात दाखवतो. त्या मानाने इंग्रजीचे काम अतिशय हलके आहे: ही, शी, इट किंवा कोणतेही एकवचनी नाम कर्ता असेल तर ‘एस’, बाकी सगळीकडे मूळ रूप. फसवतात ती लांबलचक कर्ता असलेली वाक्ये. ‘द प्राइस ऑफ ऑरेंजेस राइजेस इन समर’ यात क्रियापदाच्या अगदी शेजारी ‘ऑरेंजेस’ हे अनेकवचन बसलेले आहे, पण वाढते ती किंमत, म्हणून ‘राइजेस’. ‘एव्हरी’, ‘ईच’ आणि ‘एव्हरीबडी’ यांनाही एकवचनच लागते, जरी मराठीत ‘सगळे जातात’ असा अर्थ मनात येत असला तरी.

प्रश्नार्थक आणि नकारार्थी वाक्यांत हा प्रत्यय ‘डू’ने स्वतःकडे घेतलेला असतो, म्हणून ‘डज’ आले की मुख्य क्रियापद मोकळे राहते: ‘डज ही गो’, ‘ही डज नॉट गो’. ‘ही डज नॉट डू हिज वर्क’ यात ‘डू’ दोनदा आलेला पाहून मुले एक खोडतात. ते खोडू नये. पहिला ‘डज’ सहायक क्रियापद आहे आणि दुसरा ‘डू’ म्हणजे ‘करणे’. स्पेलिंगचे नियम कोणत्याही पुस्तकात मिळतील, त्यांवर येथे जागा घालवत नाही. ‘कॅरी’चे ‘कॅरीज’ होताना ‘वाय’ जातो आणि ‘प्ले’चे ‘प्लेज’ होताना तो राहतो, एवढे लक्षात असू द्यावे.

आता ‘सिन्स’. ‘मी २०१५ पासून येथे राहतो’ हे वाक्य मराठीत निर्दोष आहे. मराठी फक्त ‘आज राहतो’ हे पाहते आणि ‘पासून’ शब्दाने मागचे टोक दाखवते. साधा वर्तमानकाळ गोष्टीला आरंभ लावत नाही, असे मी आधी लिहिले होते. ‘सिन्स’ मात्र आरंभच लावतो. दोघांचे जमत नाही. मागचे टोक दिले की इंग्रजी पूर्ण वर्तमानकाळाकडे जाते: ‘आय हॅव लिव्ह्ड हिअर सिन्स टू थाउजंड फिफ्टीन.’ ठरावीक वर्ष किंवा दिवस दिला असेल तर ‘सिन्स’ आणि नुसता कालावधी दिला असेल तर ‘फॉर’: ‘फॉर टेन इयर्स.’ दोन्हींपैकी काही नसेल, तर ‘आय लिव्ह इन आर्णी’ हे वाक्य पूर्ण आणि शुद्ध आहे. वाक्यात ‘पासून’ किंवा ‘दहा वर्षे झाली’ असा अर्थ असेल, तर ‘लिव्ह’ हा पर्याय पहिल्या फेरीतच बाजूला ठेवावा, मग उरलेल्यांत निवड सोपी जाते.

नवी पेरणी

मास्तर, शेवटचे एकच विचारते. आमच्या प्रश्नपत्रिकेत कापसावर एक उतारा आहे. त्यात ‘कॉटन इज पिक्ड बाय हँड’ असे वाक्य आहे आणि काळ ओळखायचा आहे. ‘इज’ पाहून आम्हांपैकी दोघींनी अपूर्ण वर्तमानकाळ लिहिला.

जुने मास्तर (चिमूर)

ते वाक्य साध्या वर्तमानकाळातीलच आहे, फक्त कर्मणी प्रयोगात. ‘इज’च्या पुढे क्रियापदाचे तिसरे रूप आले, ‘इंग’ आले नाही, ही खूण पाहावी. कापूस हाताने वेचला जातो, जिनिंगमध्ये सरकी आणि रुई वेगळी केली जाते, रुईच्या गाठी बांधल्या जातात. अशा प्रक्रियेच्या वर्णनात कोण करतो याला महत्त्व नसते, म्हणून इंग्रजी सर्वत्र कर्मणी साधा वर्तमानकाळ वापरते: ‘द सीड इज सेपरेटेड’, ‘द लिंट इज प्रेस्ड इंटू बेल्स’. उताऱ्यात ‘कॉटन इज बीइंग पिक्ड’ असे असते तर तुमच्या दोन मैत्रिणींचे उत्तर बरोबर ठरले असते, कारण त्याचा अर्थ वेचणी या घटकेला चालू आहे, असा होतो.